सहा महिन्यांच्या लेकीसाठी पाळणाघर शोधताना

लेक जानेवारीत झाली. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्या हिशेबाने माझी रजा १३ जुलैला संपत होती. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. माझं ऑफिस लोअर परळला, नवऱ्याचं ऐरोलीला. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि माझे आईबाबा चिपळूणला. घरी दिवसभराची बाई ठेवावी का, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. बंद दाराआड एकटी बाई आणि बोलता न येणारं बाळ, बघणारं दुसरं कुणी नाही, हे मला पटेना. जिथे सांभाळणारी मोठी माणसं एकमेकांच्या नजरेसमोर असतात अशी जागा हवी, एवढं ठरलं आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शोध सुरू केला.

हे लिहिण्याचं कारण असं की त्या वेळी मला फीचे आकडे भरपूर मिळाले, ‘छान आहे, घाला’ असं सांगणारेही मिळाले, पण आत पाऊल टाकल्यावर नेमकं काय बघायचं हे कुणी नीट सांगितलं नाही.

पहिला प्रश्न घराजवळ की ऑफिसजवळ. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं, हेही त्याच दुरुस्तीत आलं. मी एचआरला मेल केला. उत्तर आलं की ऑफिसजवळच्या एका पाळणाघराशी करार आहे आणि फीचा काही भाग कंपनी भरेल. दुपारी जाऊन पाजता येईल, हा मोह मोठा होता. पण त्यासाठी सकाळी साडेआठची धीमी गाडी पकडून बाळाला करी रोडपर्यंत न्यायचं. रजेवर असतानाच एकदा लेकीला पोटाशी बांधून त्या गाडीने जाऊन पाहिलं. घाटकोपरला जो लोंढा आत आला, त्यानंतर मी हा पर्याय सोडला. शिवाय मी आजारी पडले तर तिला तिथून आणणार कोण? घराजवळ असेल तर नवरा आहे, सासूबाई आहेत, अगदी वेळ आली तर समोरच्या काकूही आहेत. ज्यांचं घर ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर आहे, त्यांनी मात्र ऑफिसजवळचं पाळणाघर आधी बघावं. दुपारची ती भेट फार मोलाची असते. आणि एचआरला जे विचारायचं ते मेलवरच विचारा.

मग फोन सुरू केले. ‘आमचं लायसन्स्ड आहे’ हे जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. कसलं लायसन्स, असं विचारलं की समोर येतो गुमास्ता. गुमास्ता ही दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडेच असतील तर नोंदणीचीही गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. किराणा दुकानाला लागतो तोच हा कागद. बाळं कुठे झोपतात, त्यांना कोण भरवतं, याचा त्यात काही संबंध नाही. हे कळल्यावर मी थोडी घाबरले, कारण मी समजत होते की कुणीतरी सरकारी माणूस आधीच तपासून गेलेला असेल आणि मला फक्त निवड करायची आहे. तपासायचं आपल्यालाच आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने २०१८ साली पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या मुख्यतः कंपन्यांच्या पाळणाघरांसाठी आहेत, पण मला त्यांचा आधार झाला. शक्यतो तळमजला, प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा, आसपास उघडं गटार किंवा कचराकुंडी नको, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती, असं प्रमाणही आहे. ते मला फारच अपुरं वाटतं. रांगणारी दहा मुलं आणि एक बाई. एकाचं लंगोट बदलेपर्यंत बाकीच्या नवांकडे कोण बघणार? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मान्य केलेल्या मानकांत एक वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक मोठी व्यक्ती सांगितली आहे. मी मनाशी तो तीनचा आकडा धरला आणि चारपर्यंत तडजोड करायची असं ठरवलं.

गुमास्ता सोडून मी आणखी तीन गोष्टी मागायचे. जेवण तिथेच शिजत असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी. छोट्या स्वयंपाकघरालाही ती लागते, तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती, आणि तिचा १४ अंकी नंबर ऑनलाइन तपासता येतो. दुसरं, इमारतीचा फॉर्म बी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा हा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. पाळणाघराकडे नसेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असतो. तिसरं, मुलं सांभाळणाऱ्या मावशींच्या पोलीस पडताळणीचे कागद. कागद मागितल्यावर माणूस कसा वागतो, हे कागदाइतकंच महत्त्वाचं ठरलं. एका ठिकाणी मॅडमनी फाइल काढून समोर ठेवली आणि म्हणाल्या, ‘हे एक रिन्यू करायचं राहिलंय, पुढच्या आठवड्यात होईल.’ दुसरीकडे उत्तर मिळालं, ‘इतकी वर्षं कुणी विचारलं नाही.’ तिथे मी पुन्हा गेले नाही.

कॅमेऱ्याबद्दल नवरा जास्त आग्रही होता. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, ते आमच्या पिढीतले आईबाप विसरलेले नाहीत. कॅमेरा हवाच. पण तिथेही कॅमेरा होता आणि बाहेर कळलं ते बाळाला इजा झाल्यावर. म्हणून ‘कॅमेरा आहे का’ एवढं विचारून थांबू नये. ते चित्रण रोज बघतं कोण, किती दिवस साठवतात, लहान बाळांच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा आहे का, आणि पालकाने मागितलं तर ते दाखवतात का, हे विचारावं.

पहिल्या चाळणीत बरीच गळली. काही जण दीड वर्षाखालचं बाळ घेतच नाहीत. एके ठिकाणी दिवाळीपर्यंत वेटिंग होतं. एक दुसऱ्या मजल्यावर, एकच जिना, आणि जिन्याखाली स्कूटर लावलेल्या. एकीकडे सकाळी अकरा वाजता सगळी मुलं टीव्हीसमोर बसलेली. फोनवर वय आणि महिना आधीच सांगा, निम्मे हेलपाटे वाचतात.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत तीन उरली.

पहिलं एका मोठ्या साखळीतलं. महिना १७,००० आणि वर्षाची वेगळी फी १५,०००. मऊ रबरी फरशी, छोटे बेसिन, दिवसभराची नोंद मोबाइलवर. अकराची वेळ घेऊन गेले तेव्हा सगळं नेटकं होतं. त्यानंतर एका आठवड्याने न सांगता पावणेसहाला गेले. मी सगळ्यांना हेच सांगेन की संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या मध्ये एकदा तरी जाच. त्या वेळी मुलं दमलेली असतात, मावशी त्याहून दमलेल्या असतात, सकाळपाळीच्या ताई घरी गेलेल्या असतात. तिथे बाळांच्या खोलीत दोन मुली होत्या, दोघी त्याच महिन्यात कामाला लागलेल्या. बाळं झुलत्या खुर्च्यांत पट्टे लावून ओळीने बसवलेली. एक बाळ बराच वेळ रडत होतं आणि ती मुलगी नोंदी भरत होती. तिला मी दोष देत नाही. संध्याकाळी सहापर्यंत नोंद गेली नाही तर तिला बोलणी बसत असणार.

दुसरं एका काकूंचं, जुन्या इमारतीत तळमजल्यावर, महिना ६,५००. आमच्या सोसायटीतली दोन मुलं तिथेच वाढली. गरम खिमट, स्वच्छ धुतलेल्या दुपट्यांची चळत, आणि काकूंचा जीव खरंच प्रत्येक मुलात. पण चौदा मुलं आणि सांभाळणाऱ्या दोघीच. काकूंना बरं नसेल तर मुलगी येते, ती ठाण्याला राहते. लहान बाळं झोळीत झोपवतात आणि डोक्याखाली मोहरीची उशी. आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की वर्षाच्या आत बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं, उशी नको, अंगावर जाड पांघरूण नको. मी काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, तुझी एकटी अशी झोपवली तर बाकीच्यांना काय सांगू?’ त्यांचं म्हणणं मला समजलं. मूल तीन वर्षांचं असतं तर मी कदाचित तिथेच घातलं असतं. सहा महिन्यांच्या बाळासाठी धीर झाला नाही.

तिसरं एका सोसायटीच्या तळमजल्यावर, महिना ११,५००, वेळ साडेआठ ते साडेसात. दिसायला साधं. भिंतीवरचा रंग एका कोपऱ्यात ओलीने पोपडलेला, तो मी विचारलाही. मॅडम म्हणाल्या पावसाळ्याआधी काम धरलंय, आणि जूनमध्ये ते झालेलं होतं. बाळांची खोली वेगळी, त्यात सहा बाळं आणि दोन मावशी. मी कोपऱ्यात बसून राहिले. एक मावशी एका बाळाला वरण-भात भरवत होत्या आणि पलीकडे दुसरं रडायला लागलं. त्यांनी त्याच्याकडे बघून त्याचं नाव घेतलं, म्हणाल्या, ‘आले हं राजा, हिचा घास संपू दे.’ चमचा मात्र घाईने कोंबला नाही. घास संपला, हात धुतले, मग त्याला उचललं. प्रत्येकाची वाटी-चमचा वेगळा, त्यावर नावाची पट्टी. लंगोट बदलायची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात. त्या दिवशी माझं बाळ तिथे नव्हतंच. दुसऱ्याच्या रडणाऱ्या बाळाशी जे वागणं मी पाहिलं, तेच उद्या माझ्या लेकीच्या वाट्याला येणार होतं, म्हणून मी तेच बघत बसले.

मॅडमना विचारून मावशींशी बोलले. ‘मावशी, इथे किती वर्षं?’

‘सहावं चालू हाय ताई. भांडुपवरनं येते.’

‘आणि तुम्ही जेवता कधी?’

‘एक जेवते तवा मॅडम हितं बसतात. दोघी एकदम न्हाई उठत.’

या दोन उत्तरांवर माझा बराचसा निर्णय झाला. मावशी वर्षानुवर्षं टिकतात तिथे बाळाला रोज तेच हात, तोच आवाज मिळतो. मॅडमना मी मावशींच्या पगाराबद्दल आणि सुट्टीबद्दलही विचारलं. आठवड्याची सुट्टी आहे, आजारपणाचे पैसे कापत नाही, असं त्यांनी सांगितलं. हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल, पण विचारावा. दिवसाचे अकरा तास दुसऱ्यांची मुलं कडेवर घेणाऱ्या बाईला नीट पगार आणि विश्रांती मिळत नसेल, तर तिच्याकडून आपल्या बाळासाठी रोज हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आणखी एक केलं. संध्याकाळी सात वाजता फाटकाशी थांबून मुलं न्यायला आलेल्या आयांना गाठलं. ‘चांगलं आहे का’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा ‘मूल कधी पडलं, लागलं, तर तुम्हाला कसं कळलं?’ असं विचारावं. एकीने सांगितलं की मुलाची हनुवटी टेबलाला लागली होती, दहा मिनिटांत फोन आला, बर्फ लावल्याचं वहीत लिहिलेलं होतं आणि संध्याकाळी मावशींनी स्वतः येऊन कसं झालं ते सांगितलं. लहान मुलं पडणारच. लपवाछपवी नाही, एवढी खात्री मला हवी होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जागा नक्की केली. प्रवेश शुल्क ६,०००, ते परत मिळत नाही. एका महिन्याची फी अनामत. आणि जुलैची फी आधीच. म्हणजे सुरुवातीलाच २९,००० गेले. प्रत्येक रकमेची वेगळी पावती घ्या, अनामतीची तर नक्कीच. कागद लागले ते असे: जन्मदाखल्याची प्रत, लसीकरणाचं कार्ड, दोघांची आधार कार्डं, बालरोगतज्ज्ञांचा नंबर, आणि बाळाला न्यायला येऊ शकणाऱ्यांचे फोटो. या यादीबाहेरच्या कुणाच्याही हाती बाळ देणार नाहीत, हे मी लिहून घेतलं. फॉर्ममध्ये मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याची परवानगी आधीच छापलेली होती. ती ओळ खोडून सही केली, मॅडमनी हरकत घेतली नाही. सोडायचं असेल तर एक महिना आधी नोटीस, साडेसातनंतर दर अर्ध्या तासाला १०० रुपये, ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय बाळ आणायचं नाही, दरवर्षी जूनमध्ये फीवाढ, हे सगळं बारीक अक्षरात होतं. घरी आणून, बसून वाचा.

दुधाची व्यवस्था आधी घरी करून पाहिली. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकतं, पण मुंबईच्या उकाड्यात बाहेर ठेवायचा भरवसा नको. म्हणून बर्फाच्या पाकिटासह छोट्या पिशवीतून न्यायचं आणि पोचल्याबरोबर त्यांच्या फ्रिजमध्ये. बाटलीवर नाव आणि तारीख. गरम पाण्यात धरून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि पिऊन उरलेलं दूध दोन तासांत टाकून द्यायचं. हे कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, मावशींनी ते फ्रिजच्या दारावर लावलं.

१ जुलैला पहिला दिवस, फक्त एक तास आणि मी आतच. दुसऱ्या दिवशी मी बाहेर पायरीवर. ती रडली, मग तिचा आवाज थांबला, आणि तो का थांबला या विचाराने माझा जीव वर-खाली. मावशींनी दार किलकिलं करून खुणेने सांगितलं की झोपली. त्या आठवड्यात रात्री मी खूप रडले, आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही. हळूहळू दोन तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. रजा संपायच्या आधी हे सुरू करा. ऑफिसच्या पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ सोडणं बाळाला आणि आईला दोघींना जड जातं.

जुलैच्या शेवटी व्हायचं ते झालं. दुपारपासून धो धो पाऊस, कुर्ला-सायनमध्ये रुळांवर पाणी, गाड्या ठप्प. मी दादरला अडकले, नवरा ऐरोली पुलावरच्या रांगेत. हा प्रश्न मी मे महिन्यातच विचारून ठेवला होता: गाड्या बंद पडल्या तर? उत्तर होतं, शेवटचं मूल जाईपर्यंत एक मावशी आणि मॅडम थांबतात, आणि अशा दिवशी उशिराचे पैसे घेत नाहीत. तसंच झालं. साडेआठला सासूबाई समोरच्या काकूंचा हात धरून गेल्या आणि तिला घेऊन आल्या. दोघींचे फोटो यादीत होते. मुंबईत हा प्रश्न फीच्याही आधी विचारावा असं मला वाटतं.

ऑगस्टमध्ये एका बाळाला हात-पाय-तोंडाचा तो पुरळाचा आजार झाला. त्याच दुपारी सगळ्या पालकांना मेसेज आला, बाळांची खोली काही दिवस बंद ठेवली, खेळणी धुतली. आम्ही आळीपाळीने रजा घेतल्या. त्या दिवसांची फी कमी झाली नाही, करारात तसंच होतं. पहिल्या पावसाळ्यासाठी दोघांनीही थोड्या रजा राखून ठेवाव्यात.

आता ती पूर्ण दिवस जाते. सोमवारी अजून थोडी रडते, बाकी दिवशी मावशींकडे झेपावते. माझं घरून काम असलं की मधूनच, न कळवता, दुपारची चक्कर मारते. कुणी आजवर अडवलेलं नाही.